कीड आत, टोपी वर

"दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला एवढं?" लेकीच्या दाढेला कीड लागल्याचं कळल्यावर आई फोनवर म्हणाली. पण दुधाच्या दाढा पडतात दहाव्या-बाराव्या वर्षी, आणि लेक आहे 5 वर्षांची. शिवाय या दातांचं एनॅमल पातळ. कीड लवकर आतल्या नसेला भिडते.

इथे स्कॉटलंडमध्ये डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही, ड्रिलही लावलं नाही. दाढेवर स्टीलची टोपी सिमेंटने बसवली, झालं! नॉर्ना हॉल या इथल्याच दंतवैद्य; त्यांच्या नावावरून हे 'हॉल टेक्निक'. कीड तशीच आत ठेवायची, हे मला आधी पटेना. पण कीड म्हणजे काही अळी नव्हे, साखरेवर जगून आम्ल सोडणारे जिवाणू. टोपीखाली साखर पोचली नाही की त्यांचं काम थंडावतं. अर्थात दाढ सारखी ठणकत असेल किंवा पू झाला असेल, तर हा उपाय चालत नाही.

बाकीच्या दातांना फ्लोराइडची पेस्ट: 3 वर्षांखालच्या बाळाला ब्रशवर नुसता पुसट थर, पुढे वाटाण्याएवढी. रात्री ब्रश झाल्यावर फक्त पाणी. पेस्ट थुंकायची, पण चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. हे चूळ न भरणं मात्र आजीला अजून पटलेलं नाही.