शहर कोणाचें?

अमुक शहर अमुक पक्षाचें, असें म्हणण्याची आपणांस संवय जडली आहे. नांदेड चव्हाण घराण्याचें आणि लातूर काँग्रेसचें, हा सिद्धान्त पेठेंतील मुनिमासही पाठ असे. परंतु इतिहास काय सांगतो? लातूरकरांनीं १९८० पासून सलग सात वेळां शिवराज पाटील चाकूरकर यांस लोकसभेंत पाठविलें आणि २००४ सालीं घरीं बसविलें. १९९५ सालीं विधानसभेच्या निवडणुकींत विलासराव देशमुखांसही नाकारलें. नांदेडनें २०१९ सालीं अशोकराव चव्हाणांचा पराभव केला. २०२४ सालीं ते भाजपांत गेले, तरी लोकसभेस काँग्रेसचाच उमेदवार निवडून आला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांतील पोटनिवडणुकींत काँग्रेस अवघ्या १,४५७ मतांनीं तरली, आणि त्याच दिवशीं त्या मतदारसंघांतील विधानसभेच्या साही जागा महायुतीकडे गेल्या.

तेव्हां चुरस येईल काय, हा प्रश्नच उरला नाहीं. तिचें फळ कोणास, हा खरा प्रश्न आहे. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. २०१७ सालीं महापालिकेंत भाजपास बहुमत मिळालें. परंतु सत्तांतर झाल्यानें धरण भरत नाहीं. पुढारी पक्ष बदलतात, पाटी बदलते, माणसें तींच राहतात. अशी चुरस जनतेच्या काय कामाची? व्यापारी दिवाळीस कीर्दखतावणी ताडून पाहतो. मतदारानेंही पांच वर्षांचा हिशेब तसाच मागावा. शहर कोणा पक्षाचें नव्हे. तें हिशेब मागणारांचें आहे.