परिचारिकेचा अधिकार

आमची एक भाची अमेरिकेंत टेक्सास संस्थानांतील एका खेड्यांत 'नर्स प्रॅक्टिशनर' आहे. परिचारिकेचा नेहमींचा अभ्यासक्रम संपवून, पुढें उच्च पदवी घेऊन व राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होऊन, रोगी तपासणें, निदान करणें व औषध लिहून देणें ही विद्या तिनें संपादिली आहे. तथापि औषध लिहून देण्यासाठीं तेथील कायद्यानें तिला एखाद्या डॉक्टराशीं लेखी करार ठेवावा लागतो. तिचे डॉक्टर वार्धक्यामुळें निवृत्त झाले, करार संपला, आणि दुसरे डॉक्टर मिळेपर्यंत वर्षानुवर्षें तिच्याकडे येणारे मधुमेही रोगी तसेच परत जाऊं लागले. शेजारच्या न्यू मेक्सिको संस्थानांत अशी सही लागत नाहीं. "मामा, सीमा ओलांडल्यानें विद्या वाढत नाहीं, मग अधिकार कसा वाढतो?" असें तिनें आम्हांस विचारिलें आहे.

हा प्रश्न जुना आहे. सन १९२५ मध्यें मेरी ब्रेकिन्रिज या बाईंनीं केंटकीच्या डोंगराळ मुलुखांत, जेथें डॉक्टर दुर्मिळ, तेथें घोड्यावरून घरोघर जाणाऱ्या परिचारिका-सुइणींची संस्था उभारली. या बाईंचीं स्वतःचीं दोन्ही अपत्यें लहानपणींच निवर्तलीं होतीं. त्यांच्या संस्थेंत मातामृत्यूंचें प्रमाण देशाच्या सरासरीहून पुष्कळच कमी राहिलें. पुढें सन १९६५ मध्यें लोरेटा फोर्ड ही परिचारिका व हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या उभयतांनीं मिळून कोलोरॅडो विद्यापीठांत या वर्गाचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला.

डॉक्टरमंडळींचा आक्षेप असा कीं, साध्या खोकल्यामागें दुर्धर रोग दडलेला असतो व तो ओळखण्यास दीर्घ शिक्षण लागतें. हा आक्षेप केवळ स्वार्थाचा नव्हे. चरकाचार्यांनीं वैद्य, औषध, परिचारक व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगून वैद्यालाच प्रधान मानिलें आहे. परंतु परिचारकाच्या गुणांत शुचिता, दक्षता व रोग्याविषयीं प्रेम यांबरोबर उपचाराचें ज्ञानही त्यांनीं गणिलें आहे, हें आपण विसरतों. न्यूयॉर्क येथें १३१६ रोग्यांची दैवयोगानें वांटणी करून कांहींना डॉक्टरांकडे व कांहींना या परिचारिकांकडे सोंपविलें. अधिकार दोघांस सारखाच दिला होता. सहा महिन्यांनंतर प्रकृतिमानांत म्हणण्यासारखा भेद आढळला नाहीं, असें सन २००० मध्यें प्रसिद्ध झालें. सहा महिने हा काळ अल्प खरा. तरी पुरावा उपेक्षणीय नाहीं.

आपल्या शास्त्रांत 'अधिकारी' म्हणजे सत्ता असलेला नव्हे, तर योग्यता असलेला. नवशिक्या परिचारिकेनें कांहीं वर्षें अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीं काम करावें, आपल्या आवांक्याबाहेरचा रोगी वेळींच पुढें पाठवावा, व चुकीचें उत्तर स्वतः द्यावें. एवढें झाल्यावर तिच्या लेखणीवर परक्या सहीचें कुलूप नसावें, असें आमचें मत आहे.

रमाबाई रानडे यांनीं पुण्याच्या सेवासदनांतून आपल्या घरांतील स्त्रियांस परिचारिकेच्या शिक्षणास पाठविलें, तेव्हां पांढरपेशा मंडळींनीं नाकें मुरडलीं. आतां नाकें कोणी मुरडीत नाहीं. पण परिचारिकेची सेवा घ्यावी आणि तिच्या बुद्धीवर मात्र विश्वास ठेवूं नये, ही वृत्ति अद्याप गेलेली नाहीं. भाचीच्या दारावरून परतलेल्या रोग्यास तिची किंमत मोजावी लागते.