तीन तबकड्या आणि हरवलेला रंगमंच

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे व धुवांधारचा प्रपात आठवतो. बंगाली रॉक संगीताच्या इतिहासातही या शहराला एक लहानसे स्थान आहे, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गौतम चट्टोपाध्याय हा तरुण येथे औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून काम करीत होता. नक्षलवादी चळवळीतील सहभागामुळे त्यास कारावास घडला होता. सुटकेनंतर बंगालपासून दूर राहणे भाग पडल्याने प्रथम भोपाळ व नंतर जबलपूर येथे त्याने ते दिवस काढले.

कलकत्त्यास परतल्यावर १९७५च्या सुमारास त्याने भाऊ, आप्त व मित्र यांना घेऊन सात जणांचा वाद्यवृंद उभारला. जीवनानंद दास यांच्या कवितेवरून त्याचे नाव ठेवले ‘महीनेर घोडागुली’, म्हणजे महीनचे घोडे.

इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हा प्रकार उदयास आला होता. गाण्याचा ठरीव साचा मोडून त्यात अभिजात संगीत, जाझ व लोकसंगीत यांना वाव देणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. या तरुणांची वाट त्याच्या जवळची होती. गिटार, व्हायोलिन व सॅक्सोफोन यांच्या जोडीस त्यांनी बाउल गायकांचा सूर घेतला आणि शहरी जीवनाची अस्वस्थता बंगालीत मांडली.

१९७७, १९७८ व १९७९ या वर्षी त्यांच्या तीन तबकड्या निघाल्या. तिन्हींतील गाणी मिळून दहाही भरत नाहीत. वृंदाचे खरे जीवन रंगमंचावर होते. १९७९ मध्ये रवींद्र सदनात आणि १९८० मध्ये कलकत्त्याच्या आंतरराष्ट्रीय जाझ महोत्सवात त्यांनी आपली कला सादर केली. परंतु अशा प्रयोगांची तबकडी त्या काळी निघाली नाही. श्रोतृवर्गही मोजकाच होता. १९८१ मध्ये वृंद विसर्जित झाला, तेव्हा रंगमंचावर वाजलेले बरेचसे संगीत श्रोत्यांच्या स्मरणापुरतेच उरले.

ते स्मरण मात्र टिकले. १९९५ मध्ये गौतम यांनी नव्या गायकांकडून गाणी गाऊन घेऊन ‘आबार बछर कुडी परे’ हा संग्रह काढला आणि नवी पिढी या वृंदाकडे वळली. १९९९ मध्ये गौतम यांचे निधन झाले. पुढे, २००६ मध्ये, याच संग्रहातील एका गीताची चाल ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटातून देशभर पोहोचली.

जात्यावरची ओवी लिहून ठेवल्यावाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, कारण ती गाणारे कंठ होते. या वृंदाची गाणीही तशीच कंठाच्या आधाराने तगली. परंतु प्रत्येक प्रयोगात वाद्यांनी घेतलेला विस्तार कंठास पेलत नाही. तो जपण्यास ध्वनिमुद्रणच हवे, आणि नेमके तेच येथे तोकडे पडले.