मक्ता आणि मक्तेदारी

‘मक्तेदारी’ हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. एखाद्या दुकानदाराने दर वाढविला किंवा एखाद्या संस्थेने शुल्क चढविले, की ‘ही मक्तेदारी झाली’ असे म्हणून लोक मोकळे होतात. मूळ शब्दाचा अर्थ मात्र नेमका आहे. सरकारने किंवा गावसंस्थेने आपला एखादा हक्क ठराविक रकमेला, ठराविक मुदतीसाठी एकाच्या हवाली करावा, त्याला मक्ता म्हणत. नदीवरच्या तरीचा मक्ता असे, माडीचा असे, बाजारकराचा असे. मक्तेदार पैसे घेतो एवढ्यावरून तो जुलमी ठरत नाही. तो जुलमी केव्हा ठरतो, हा खरा प्रश्न होय. मोबाइल फोनवरील अॅप ज्या दुकानांतून घेतली जातात, त्या दुकानांच्या मालकांविषयी आज देशोदेशींच्या न्यायालयांत जो वाद चालला आहे, तो याच जुन्या प्रश्नाचा नवा अवतार आहे. आणि तो समजून घेण्यासाठी गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांतील अनुभव चांगला उपयोगी पडतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचेच उदाहरण घ्यावे. पेडण्याहून आणि डिचोलीहून भाजी, नारळ, मिरच्या घेऊन तेथे बसणारी बाई जागेबद्दल ‘सोपो’ भरते. हा कर वसूल करण्याचे काम पुष्कळदा लिलाव करून ठेकेदाराकडे सोपविले जाते, म्हणजे तो अक्षरशः मक्ताच असतो. सोपो कोणाला जड वाटेल, कोणाला हलका. तथापि त्या बाईला तोच माल बुधवारी डिचोलीच्या बाजारात नेता येतो, किंवा दारोदार फिरून विकता येतो. शिवाय, ‘घरी येऊन न्याल तर दोन रुपये कमी घेईन’ असे गिऱ्हाइकाला सांगण्यास तिला कोणी मज्जाव करीत नाही. येथे मक्ता आहे, परंतु मक्तेदारी नाही.

मक्तेदारी कशाला म्हणतात हे गोव्याला एकदा मिठाने शिकविले आहे. पेडणे तालुक्यातील आगरवाडा हा गाव मिठागरांसाठी ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात गोव्याचे मीठ स्वस्त होते, आणि सरहद्दीपलीकडे ब्रिटिश मुलखात मिठावर भारी कर होता. साहजिकच गोव्याचे मीठ चोरवाटांनी पलीकडे जाई व ब्रिटिश तिजोरीला तोटा येई. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे झालेल्या करारान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर व व्यापारावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडे गेला, आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. हा करार १८८० पासून १८९२ पर्यंत अमलात होता. त्या काळात स्वतःच्या आगरात, स्वतःच्या घामाने मीठ पिकविणाऱ्याला ते किती पिकवावे आणि कोणाला विकावे हे ठरविता येईनासे झाले. पेडण्याला लागूनच असलेल्या शिरोड्यास १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तोही केवळ कर जास्त होता म्हणून नव्हे. समुद्राने दारात आणून टाकलेली वस्तू सरकारच्या परवानगीवाचून उचलता येऊ नये, हीच त्यातील सलणारी गोष्ट होती. कर सोसवतो; दुसरी वाट बंद होणे सोसवत नाही.

आता फोनकडे वळू. अॅपल कंपनीने जुलै २००८ मध्ये आयफोनसाठी आपले ‘अॅप स्टोअर’ उघडले. त्याच वर्षी गुगलने अँड्रॉइड फोनसाठी दुकान काढले. पुढे २०१२ पासून ते ‘प्ले स्टोअर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. अॅपमधून ग्राहक जे पैसे भरील त्यातील शेकडा ३० हिस्सा दुकानमालकाचा, असा दोघांचाही सर्वसाधारण दर ठरला. २०२१ पासून लहान विक्रेत्यांसाठी दोघांनीही तो शेकडा १५ केला. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. टॅक्सीचे भाडे, उपाहारगृहातून मागविलेले जेवण, दुकानातून मागविलेले कापड यांवर हे कमिशन लागत नाही. जी वस्तू फोनमध्येच वापरली जाते, उदाहरणार्थ खेळ, गाणी, शिकवणीचे पाठ, नियतकालिकाची वर्गणी, तिच्यावरच ते लागते. डिचोलीच्या एखाद्या तरुणाने मुलांना मराठी शिकविणारे अॅप तयार करून १०० रुपये वर्गणी ठेवली, तर त्यातले १५ किंवा ३० रुपये असे वळते होतात. फुकट दिल्या जाणाऱ्या अॅपवर असे काही कमिशन पडत नाही.

यासाठी दुकानमालक काहीच करीत नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. अॅपची तपासणी होते, फसवी अॅप बाजूला काढली जातात, पैशांची देवघेव सांभाळली जाते, आणि पेडण्यात बसलेल्या माणसाचा माल एका दिवसात टोकियोच्या व लंडनच्या गिऱ्हाइकापुढे मांडला जातो. पूर्वी हे कोणाला स्वप्नातही साधले नसते. तेव्हा शुल्क घेणे हाच अपराध, असे मानणे योग्य नव्हे. वादाचा खरा विषय शुल्काबरोबर घातलेले निर्बंध हा आहे. आयफोनवर अॅपलखेरीज दुसऱ्याचे दुकान नको. पैसे भरावयाचे ते दुकानमालकाच्याच पेटीतून. आणि ‘हीच वर्गणी आमच्या संकेतस्थळावर स्वस्त मिळते’ असे अॅपमध्ये ग्राहकाला सांगावयाचे नाही, अशा या अटी होत्या. अँड्रॉइडवर इतर दुकानांना पूर्ण बंदी नव्हती, परंतु फोनमध्ये आधीपासून बसविलेले दुकान गुगलचे आणि इतरांच्या वाटेवर धोक्याच्या सूचनांच्या पाट्या, अशी स्थिती होती. म्हापशाच्या बाजारातील बाईला जे सहज बोलता येते, ते या विक्रेत्याला बोलता येत नाही.

यावर कंपन्यांचे उत्तर असे की, बाजारात फोन अनेक आहेत. ज्याला आमचे नियम पसंत नसतील त्याने दुसरा फोन घ्यावा. या उत्तराचे वजन तपासण्यास मोपा येथील मनोहर विमानतळ हा चांगला दाखला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. दाबोळीचा विमानतळही चालू आहे. म्हणजे तिकीट काढण्यापूर्वी प्रवाशाला दोन वाटा आहेत. परंतु तो एकदा मोप्याला उतरला, की बाहेर पडण्याचे दार एकच. त्या दारापाशी कोणत्या टॅक्सीने उभे राहावे, किती शुल्क भरावे, हे दाराचा मालक ठरवितो. पेडण्याच्या टॅक्सीचालकांनी २०२५ मध्ये पार्किंगच्या वाढीव शुल्काविरुद्ध आणि ‘गोवा माइल्स’ या अॅपच्या तेथील काउंटरविरुद्ध आंदोलन केले, त्याचे मर्म येथे आहे. कर्ज काढून घेतलेल्या गाडीचे हप्ते त्या एका दारावर अवलंबून असतात. फोनचेही असेच आहे. खरेदीपूर्वी निवड असते. खरेदीनंतर त्या फोनमध्ये शिरण्याचे दार एकच उरते.

मात्र हा दाखला दुसऱ्या बाजूनेही वाचला पाहिजे. ‘गोवा माइल्स’ ही सेवा राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने २०१८ साली सुरू झाली, तेव्हापासून तिला टॅक्सीचालकांचा विरोध आहे. आपले दर अॅप ठरवील, आपण केवळ त्याचे हस्तक होऊ, ही त्यांची भीती निराधार नाही. पण प्रवाशाच्या दृष्टीने पाहिल्यास, ठराविक ठिकाणी ठराविक टॅक्सीवाल्यांनीच उभे राहावे आणि दुसऱ्याने भाडे घेऊ नये हा आग्रहही वाट अडविणाराच आहे. मोठ्याने वाट अडविली तर मक्तेदारी आणि लहानाने अडविली तर हक्क, असा न्याय करता येत नाही. लहानाचे पोट त्यावर असते, म्हणून त्याची अधिक कणव येते, आणि ती यावी हेही रास्तच. परंतु मोजमापाची पट्टी एकच हवी.

डिचोलीतील खनिज वाहतूक आणखी एक बाजू दाखविते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द ठरविले आणि खाणी थांबल्या, तेव्हा मये, पिळगाव या परिसरातले ट्रक दारात उभे राहिले. पुढे लिलाव होऊन मोठे खाणपट्टे मोजक्या कंपन्यांकडे गेले, आणि काम पुन्हा सुरू होताना स्थानिक ट्रकांना प्राधान्य व परवडणारा दर यांसाठी ट्रकमालकांना झगडावे लागले. खनिज वाहण्यासाठी घेतलेल्या ट्रकाला दुसरे काम सहज मिळत नाही. ज्याने आपले भांडवल एकाच धन्याच्या कामी गुंतविले, त्याची घासाघीस करण्याची शक्ती तेथेच निम्मी होते. एका जातीच्या फोनसाठी वर्षानुवर्षे खपून अॅप रचणाऱ्याची अवस्था यापेक्षा निराळी नसते.

न्यायालयांना हा गुंता सोडविताना पहिला प्रश्न पडतो तो असा, की बाजार म्हणावयाचे तरी कशाला? ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या एपिक कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये स्वतःची पैसे भरण्याची सोय अॅपमध्ये घातली. अॅपल व गुगल या दोघांनीही तो खेळ दुकानातून काढून टाकला, आणि दावे दाखल झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायाधीशांनी असे ठरविले की, अॅपल कंपनी मक्तेदार असल्याचे एपिकला सिद्ध करता आले नाही. परंतु ग्राहकाला दुसरी वाट सांगू न देण्याची अट मात्र बेकायदा आहे. त्या आदेशाचे अॅपलने पालन केले नाही, असे त्याच न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी म्हटले. उलट गुगलच्या दाव्यात ज्यूरीने डिसेंबर २०२३ मध्ये गुगलची मक्तेदारी बेकायदा असल्याचा निर्णय दिला, आणि जुलै २०२५ मध्ये अपिलातही तो टिकला. ज्याचे दुकान अधिक बंदिस्त तो सुटला आणि ज्याचे थोडे उघडे तो अडकला, हे वरवर चमत्कारिक दिसते. पण गुगलने फोन बनविणाऱ्यांशी व खेळ बनविणाऱ्यांशी करार करून प्रतिस्पर्धी दुकानांना दूर ठेवले, याचा पुरावा ज्यूरीपुढे होता. युरोपीय संघाने तर निकालांची वाट न पाहता कायदाच केला; मार्च २०२४ पासून तेथे आयफोनवर इतरांची दुकाने चालू देणे अॅपलला भाग पडले.

भारताचा कायदाही येथे नीट लक्षात घेण्यासारखा आहे. १९६९ च्या मक्तेदारीविषयक कायद्याची नजर मोठेपणावर होती. त्याच्या जागी आलेला २००२ चा स्पर्धा कायदा मोठेपणाला दोष देत नाही. मोठेपणाच्या गैरवापराला देतो. या कायद्याखाली स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी प्ले स्टोअरच्या अटींबद्दल गुगलला ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. विक्रेत्यांवर स्वतःच्याच पेटीची सक्ती करणाऱ्या गुगलने आपल्या यूट्यूबला ती लागू केली नव्हती, हाही आयोगाचा एक आक्षेप होता. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा दंड २१६.६९ कोटींवर आणला, गैरवापराचा निष्कर्ष अंशतः कायम ठेवला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. मधल्या काळात गुगलने दुसरी पेटी वापरण्याची मुभा दिली, परंतु ती वापरणाऱ्याच्या कमिशनात शेकडा ४ एवढीच सूट ठेवली. म्हणजे ३० च्या जागी २६. दार किलकिले झाले, पण नाका उठला नाही. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या तंट्यावरून विवाहजुळणी व नोकरीविषयक काही भारतीय अॅप दुकानातून एकाएकी नाहीशी झाली, आणि केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यावर थोड्याच दिवसांत परतली. वर्षानुवर्षे चालविलेला धंदा दुसऱ्याच्या एका निर्णयाने रातोरात गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड होऊ शकतो, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

या साऱ्याचा निष्कर्ष कोणता? दुकानाचे शुल्क हे एकट्याने मक्तेदारी होत नाही. ते शेकडा ३० आहे की १०, हा भाव ठरविण्याचा प्रश्न आहे. मक्तेदारी ओळखण्याचे प्रश्न निराळे आहेत. विक्रेत्याला गिऱ्हाइकापर्यंत जाण्यास दुसरी खरीखुरी वाट आहे काय? असल्यास ती गिऱ्हाइकाला सांगण्याची मुभा त्याला आहे काय? नाका चालविणारा स्वतः त्याच मालाचा व्यापारी असून स्वतःच्या गाड्या मोकळ्या सोडतो काय? आणि नाक्यावर अन्याय झाल्यास दाद मागण्याची जागा नाक्याबाहेर आहे काय? या चार प्रश्नांची उत्तरे अॅपच्या दुकानांबाबत दीर्घकाळ विक्रेत्यांच्या विरुद्ध गेली होती. आता न्यायालयांच्या आणि कायद्यांच्या रेट्याने ती एकेक करून बदलू लागली आहेत. म्हणून या दुकानांना सरसकट लुटारू म्हणणे जसे चुकीचे, तसेच त्यांच्या अटींना निव्वळ दुकानाचे नियम समजणेही चुकीचे ठरेल. शुल्क घेणाऱ्याने शुल्क जरूर घ्यावे. पण ज्या दिवशी तो दुसऱ्या वाटेचे नावही काढू देत नाही, त्या दिवशी मक्त्याची मक्तेदारी होते.