खेळाच्या वेळेचा हिशेब मुलांनाच मांडू द्या

घराघरांत सध्या एक वाद ठरलेला असतो. आई म्हणते, "दिवसभर मोबाइलवर खेळतोस." मुलगा म्हणतो, "अर्धा तासच खेळलो." दोघेही अंदाजाने बोलतात, भांडण मात्र खरे होते. पालकांना आमचे सांगणे एवढेच की, रागावण्याआधी हिशेब मांडा. आणि तो मुलालाच, मुलीलाच मांडू द्या.

इंटरनेटवरच्या खेळांत ही नोंद आपोआप होत असते. बुद्धिबळाचेच घ्या. 'लिचेस' हे २०१० साली सुरू झालेले संकेतस्थळ मोफत असून देणग्यांवर चालते. तेथे खेळलेले आपले सर्व डाव एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घेता येतात. प्रत्येक डावावर तारीख, वेळ आणि निकाल लिहिलेला असतो.

शेकडो डाव वहीत लिहिणे कंटाळवाणे काम. तेच काम 'पायथन' या मोफत मिळणाऱ्या संगणक-भाषेतला वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्राम क्षणात करतो. अशा छोट्या प्रोग्रामला स्क्रिप्ट म्हणतात. फाइल ओळीओळीने वाचायची. वेळेची ओळ आली की तास पाहायचा आणि त्या तासाच्या खात्यात एक मिळवायचा. शेवटी चोवीस तासांपुढे जितके डाव तितक्या फुल्या छापायच्या. झाला आलेख तयार!

यात एक मेख आहे. फाइलमधली वेळ भारताची नसते, ती जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. फाइलमध्ये १९.१० लिहिले असेल, तर आपल्याकडे रात्रीचे १२.४० झालेले असतात आणि तारीखही पुढची असते. हे विसरले, तर मध्यरात्रीचा खेळ संध्याकाळचा वाटेल.

किती वेळ गेला, याचाही अंदाज येतो. प्रत्येकी ३ मिनिटांचा डाव असेल, तर तो फार तर ६ मिनिटे चालतो. म्हणजे असे दहा डाव झाले, तर जास्तीत जास्त एक तास. दुसऱ्या आलेखात तासागणिक हार-जीत मांडावी. रात्री उशिराचे डाव आपण जास्त हरतो का, हे मग मुलाला स्वतःच पाहता येईल.

'स्टीम'वरच्या खेळांत प्रत्येक खेळाचा आजवरचा एकूण वेळ दिसतो. तो विजेच्या मीटरसारखा समजावा. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की दिवसाचा वापर कळतो. संगणक नसेल, तर काही हरकत नाही. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' हा भाग असतो. त्यात कोणत्या अॅपवर किती वेळ गेला ते दिसते. तो आकडा रोज वहीत लिहिला तरी पुरे.

दोन गोष्टी पालकांनी सांभाळाव्यात. पहिली, हे काम मुलाच्या पाठीमागे करू नये. लिचेसवरचे डाव कोणालाही पाहता येतात. म्हणून तेथे मुलाचे खरे नाव किंवा शाळेचे नाव देऊ नये. दुसरी, केवळ तास पाहून मुलाला व्यसनी ठरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या विकाराचा समावेश आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळच मोठा होणे आणि नुकसान होत असूनही तो न थांबणे ही लक्षणे पाहतात. तीही साधारणपणे वर्षभर दिसावी लागतात. तसे वाटल्यास डॉक्टरांकडे जावे.

फुल्यांची रांग रात्री बारानंतर लांबत असेल, तर झोप कोठे जाते ते मुलाला कळेल. झोपेची वेळ त्यालाच ठरवू द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा आलेख काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून घरातल्या सर्वांनी मिळून पाहा. वाद मिटेल, आणि मुलाच्या हाती प्रोग्राम लिहिण्याची विद्याही येईल.