अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस: नावाचा अर्थ काय?

'स्पॉन्डिलो' म्हणजे मणका, 'आयटिस' म्हणजे दाह, 'अँकिलोझिंग' म्हणजे सांधा आखडत जाणे. नाव ऐकून रुग्ण घाबरतात, पण प्रत्येकाचे मणके एकमेकांना जुळतातच असे नाही.

खरा घोळ वेगळाच आहे. मानेच्या झिजेलाही आपण सर्रास 'स्पॉन्डिलायटिस' म्हणतो. ती झीज म्हणजे स्पॉन्डिलोसिस, बहुधा वाढत्या वयातली. हा आजार मात्र बहुतेकदा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. पहाटे कंबरदुखीने जाग येते, सकाळी पाठ बराच वेळ आखडलेली राहते आणि हालचालीने बरे वाटते, विश्रांतीने नाही. म्हणून घरच्या तरुणाला नुसते 'आराम कर' सांगू नका. तीन महिन्यांहून जास्त असे चालले तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा एमआरआय उपयोगी पडतो. डोळा लाल होऊन दुखू लागला तर मात्र लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा.