महाविद्यालयाच्या मैदानापलीकडे

आमच्या चार इमलीच्या झाडीतल्या रस्त्यांवरून सायंकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास फेरफटका मारला, तर खांद्यावर हॉकीची काठी किंवा पाठीवर बॅट घेऊन तात्या टोपे नगरच्या क्रीडांगणाकडे निघालेली मुले दृष्टीस पडतात. त्यांपैकी एखाद्यास 'पुढे कोण होणार?' असे विचारावे, तर 'खेळाडू' हे उत्तर क्षणाचाही विलंब न लावता मिळते. परंतु 'म्हणजे नक्की काय करणार?' असा दुसरा प्रश्न टाकला, की तो घुटमळतो. त्यात त्याचा दोष नाही. शाळेच्या संघात चमकणारा मुलगा, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा गाजविणारा तरुण आणि खेळ हाच ज्याचा व्यवसाय झाला आहे असा मनुष्य, या तिघांमध्ये केवढे अंतर असते, हे त्याला सहसा कोणी सांगितलेलेच नसते.

हे अंतर अगदी फूट-इंचांत मोजून दाखविता येईल असा एक खेळ आहे, तो म्हणजे बास्केटबॉल. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने 1891 साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हिवाळ्यात बंद दालनात खेळण्यासाठी हा खेळ शोधून काढला. पीच फळांच्या टोपल्या टांगून तो प्रथम खेळला गेला, म्हणून त्याचे नाव तसे पडले. अमेरिकेत या खेळाची खरी शाळा म्हणजे महाविद्यालये. तेथून निवडक तरुण एन.बी.ए. या व्यावसायिक संघटनेत जातात. दरवर्षी जून महिन्यात तिचे तीस संघ दोन फेऱ्यांत नव्या खेळाडूंची निवड करतात. हजारो तरुणांतून साठाच्या आतबाहेर नावे पुकारली जातात, आणि पुष्कळांना वाटते, की आता सारे साधले!

वास्तविक तेथूनच नवी इयत्ता सुरू होते. महाविद्यालयीन सामना चाळीस मिनिटांचा, तर व्यावसायिक सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा. महाविद्यालयात चेंडू हाती आल्यावर तीस सेकंदांत टोपलीकडे फेकावा लागतो. येथे चोवीस सेकंदांत. दुरून फेकून तीन गुण मिळवावयाची रेषा महाविद्यालयात टोपलीपासून सुमारे 6.75 मीटरवर, तर येथे समोरच्या बाजूस 7.24 मीटरवर. अर्धा मीटर म्हणजे तो काय, असे आपणांस वाटेल. परंतु ज्या मनगटाने आणि गुडघ्यांनी सहस्रावधी वेळा एकच अंतर पाठ केलेले असते, त्यांना तो पाठ पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागतो. शिवाय महाविद्यालयाचा संघ वर्षाकाठी तीस-पस्तीस सामने खेळतो, आणि व्यावसायिक संघास सहा महिन्यांत ब्याऐंशी सामने खेळावे लागतात. आज एका शहरात, तर परवा हजार मैलांवरच्या दुसऱ्या शहरात. समोर उभा असणारा प्रतिस्पर्धीही आता वीस वर्षांचा विद्यार्थी नसून तिशीतला, दहा वर्षे मुरलेला गडी असतो.

म्हणून सुरुवातीचा काळ बहुधा कौशल्य वाढविण्यापेक्षा शरीर घडविण्यात जातो. स्टीफन करी याचे उदाहरण घ्या. डेव्हिडसन नावाच्या लहानशा महाविद्यालयातून 2009 साली तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला. नेमबाजी अचूक, पण घोटा वारंवार मुरगळे. 2011 आणि 2012 अशी लागोपाठ दोन वर्षे त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांमधल्या हंगामात तो अवघे सव्वीस सामने खेळू शकला. तेव्हा त्याने कंबर आणि मांड्या यांचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम हाती घेतला, म्हणजे वळताना घोट्यावरचा भार त्या स्नायूंनी उचलावा. 2015 साली त्याच्या संघाने विजेतेपद मिळविले. मायकेल जॉर्डनची कीर्ती तर सर्वश्रुतच आहे. तो पहिल्या वर्षापासून गुणांच्या राशी रचीत असे. तरीही 1984 साली निवड झाल्यावर विजेतेपदाची गोडी चाखावयास त्याला 1991 साल उजाडावे लागले. डेट्रॉइटच्या दांडग्या संघाने त्याला वर्षानुवर्षे धक्के देऊन अडविले, तेव्हा वजने उचलून अंग भरण्यावाचून त्यालाही गत्यंतर उरले नाही.

ज्या जून महिन्यात करीचा संघ विजेता ठरला, त्याच महिन्यात पंजाबातील बल्लो के या खेड्यातील सतनामसिंग हा सात फूट दोन इंच उंचीचा तरुण डॅलस संघाने बावन्नाव्या क्रमांकावर निवडला. एन.बी.ए.च्या निवडीत नाव आलेला तो पहिला भारतीय. परंतु तो महाविद्यालयातून न जाता फ्लॉरिडातील एका क्रीडाशाळेतून थेट तेथे पोचला होता. दुय्यम प्रतीच्या संघातून तो खेळला. मुख्य संघाकडून एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही, आणि पुढे तो कुस्तीच्या व्यवसायात शिरला. माझ्या मते त्यात त्याच्या दैवाचा भाग मोठा होता. टोपलीखाली पाय रोवून उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूची मागणी नेमकी त्याच सुमारास ओसरत होती, आणि दुरून नेम साधणाऱ्या चपळ गड्यांचे दिवस आले होते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे खेळाडूस खेळासाठी पगार मिळण्याची सोय फार उशिरा झाली. तोपर्यंत मुंबईच्या क्रिकेटपटूंनी जो मार्ग काढला तो मोठा नामी होता. बँका आणि कंपन्या चांगल्या खेळाडूंस नोकरी देत, त्यांना सरावासाठी सवलत देत आणि 'टाइम्स शील्ड' या कचेऱ्यांच्या स्पर्धेत आपल्या संघातून उतरवीत. विद्यापीठांची रोहिंटन बारिया स्पर्धा संपली, की तरुणाची पुढची शाळा ही असे.

अजित वाडेकर हे त्या शाळेतील एक नामांकित विद्यार्थी. त्यांचा जन्म 1 एप्रिल 1941 रोजी झाला. अभ्यासात हुशार, अभियंता होण्याची मनीषा. एल्फिन्स्टन महाविद्यालयात जाताना बसमध्ये वरच्या वर्गातील फिरकी गोलंदाज बाळू गुप्ते यांनी त्यांस विचारले, की महाविद्यालयाच्या संघात बारावा गडी होतोस का? दिवसाला तीन रुपये मिळतील! खेळाडूंना पाणी नेऊन देण्याच्या त्या कामातून एका कर्णधाराचा प्रवास सुरू झाला. 1958-59 च्या हंगामात ते मुंबईकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. धावा तर होत होत्या. पण कसोटी सामन्याचे बोलावणे आले ते डिसेंबर 1966 मध्ये. मधली आठ वर्षे! स्टेट बँकेतील नोकरी सांभाळून हा मनुष्य हंगामामागून हंगाम खेळत राहिला. वाचकहो, मला वाडेकरांच्या 1971 च्या विजयांपेक्षा या आठ वर्षांचेच अधिक नवल वाटते. विजयाच्या वेळी टाळ्या वाजविणारे पुष्कळ असतात. पाचव्या-सहाव्या वर्षी निवडीच्या यादीत आपले नाव नाही हे वाचून दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावास जाताना सोबतीला कोण असते?

त्या वर्षांत मुंबईच्या खेळाडूस काय शिकावयास मिळे, याचे उत्तर कांगा लीग स्पर्धेत सापडते. 1948 साली सुरू झालेली ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात खेळली जाई. ओली खेळपट्टी, गुडघ्याएवढे गवत आणि कधी उसळणारा, कधी जमिनीलगत सरपटणारा चेंडू. येथे चेंडू टप्पा पडल्यावर शेवटच्या क्षणापर्यंत पाहूनच खेळावा लागे, आणि गवतातून चौकार जाणे कठीण असल्याने धावा काढण्यासाठी चेंडू उचलून मारण्याचे धाडसही करावे लागे. कोऱ्या कोरड्या मैदानावर शतके काढणाऱ्या तरुणाची परीक्षा येथे वीस धावांतच होई. वाडेकरांनी 1966-67 च्या हंगामात रणजी स्पर्धेत म्हैसूरविरुद्ध 323 धावा केल्या, 1968 साली वेलिंग्टन येथे आपले एकमेव कसोटी शतक, 143 धावांचे, झळकाविले, आणि 1971 साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी सामने हरल्यावर मात्र हेच लोक त्यांच्यावर उलटले! असो.

सर्वांनाच आठ वर्षे लागतात असेही नव्हे. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे सुनील गावसकर रणजी स्पर्धेतील पहिल्याच सामन्यात शून्यावर बाद झाले. मामा माधव मंत्री यांच्या वशिल्याने हा संघात आला, अशी कुजबुजही झाली. परंतु लवकरच वयाच्या एकविसाव्या वर्षी, 1971 च्या त्याच वेस्ट इंडीज दौऱ्यात, बोटाच्या दुखण्यामुळे पहिला कसोटी सामना हुकूनही त्यांनी चार सामन्यांत 774 धावा केल्या. त्यांचे तंत्र महाविद्यालयातच पक्के झाले होते. वाडेकरांना जे हंगामांनी शिकविले, ते गावसकरांनी थोड्या काळात साधले. यावरून दोघांत लहानमोठे ठरवू नये. गाडी निरनिराळ्या वेळेस स्थानकात येते, इतकेच.

आता या भोपाळ नगरीकडे. येथील राज्य हॉकी अकादमीत विवेक सागर प्रसाद हा इटारसीजवळचा मुलगा 2013 साली दाखल झाला. त्याला हेरले होते ध्यानचंदांचे पुत्र अशोक कुमार यांनी, आणि तेही आपल्या विदर्भातील अकोल्याच्या एका स्पर्धेत. 2015 साली त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले आणि दुखणे इतके चिघळले, की कित्येक महिने त्याला अंथरुणावर काढावे लागले. 2018 च्या जानेवारीत, सतराव्या वर्षी, तो भारताकडून खेळला. टोकियो येथील ऑलिंपिक स्पर्धेत अर्जेंटिनाविरुद्ध दोन मिनिटे उरली असताना त्याने गोल करून भारतास आघाडी मिळवून दिली. त्या कांस्यपदकानंतर मध्य प्रदेश शासनाने त्यास पोलीस उपअधीक्षकाचे पद दिले. वाडेकरांना बँकेने जसा आधार दिला, तसाच हा. पॅरिसमध्ये 2024 साली त्याने दुसरे कांस्यपदक मिळविले.

परवा सायंकाळी काठी घेऊन निघालेल्या एका मुलाला मी ही हकीगत ऐकविली. त्याने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, 'काका, हाड बरे व्हायला नक्की किती महिने लागले?' त्याच्याही मनगटास पट्टी बांधलेली होती.